कामाशिवाय

अब्बा 1972 च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातून चिंचवडला आले. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका तेव्हा दोनच वर्षांची होती, महानगरपालिका व्हायला अजून दहा वर्षे होती. एका फौंड्रीत काम मिळालं आणि पहिल्या बोनसमधून त्यांनी काळी ॲटलस सायकल घेतली. त्या काळी भोंगा झाला की रस्ते सायकलींनी भरून जात. अब्बांची सायकल निवृत्तीपर्यंत एकाच वाटेने गेली. घर ते कंपनी, कंपनी ते घर. वाटेत फार तर मशीद आणि रेशनचं दुकान.

त्याच सायकलच्या दांडीखालून पाय घालून मी सायकल शिकले. सातवीत गेले आणि एके दिवशी अब्बांनी हँडल धरलं. "बस. अब बडी हो गई. काम क्या है बाहर?" त्यांनी मला शिकवलं, बी.एड. होऊ दिलं, उर्दू माध्यमाच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा गल्लीत पेढे वाटले. या सगळ्याला काम होतं. सायकलला नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने मोबाइलपायी सायकल कोपऱ्यात टाकली. एका रविवारी फजरच्या नमाजनंतर मी ती बाहेर काढली. लांब कुडता, डोक्याला स्कार्फ, ओढणीला दोन पिना. वय चौतीस. पहिल्या वळणावरच पाय टेकला, पण अंग विसरलं नव्हतं.

आता माझा फेरा ठरला आहे. आकुर्डीहून चिंचवडगाव, चापेकर चौक, मग मोरया गोसावींच्या समाधी मंदिराजवळचा पवनेचा घाट. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की नदी या मंदिरात शिरते. एरवी पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा असतो आणि नाल्यांचा वास. पूल ओलांडून थेरगाव, डांगे चौक, तिथून मोठ्या रस्त्याने रावेत. पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावर कुठे गाड्या लावलेल्या, कुठे हातगाडी. तिथे उतरायचं, सायकल हातात धरून पुढे जायचं. घाई कुणाला आहे?

रावेतला टोपलीच्या कडीसारख्या कमानीचा पूल आहे, लोक त्याला बास्केट ब्रिजच म्हणतात. त्यावर मी थांबते. रावेतच्या बंधाऱ्यातूनच शहराचं पाणी उचललं जातं, निगडीला शुद्ध होतं आणि आमच्या नळाला येतं. ही पवना चिंचवडच्या पवनेपेक्षा स्वच्छ दिसते. पुढे शहरातून जाता जाता ती आमचं सगळं पोटात घेते आणि दापोडीला मुळेला मिळते. इतकी वर्षे हे पाणी पीत होते, नदी पाहिली नव्हती.

खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मी हँडलला कापडी पिशवी अडकवून जात असे. येताना कोथिंबिरीची जुडी, कधी पाव. कुणी विचारलंच तर उत्तर तयार हवं. एकदा डांगे चौकात माझी एक विद्यार्थिनी तिच्या अम्मीबरोबर भेटली. "टीचर, आप यहाँ?" मी चटकन म्हणाले, "दवाई लेने आई थी." रविवारी सकाळी सात वाजता! वर्गात खरं बोलण्याचे धडे देणारी मी. घरापर्यंत ते खोटं माझ्याबरोबर आलं.

त्याच आठवड्यात सातवीला निबंध दिला, 'इतवार का दिन'. चाळीस वह्या घरी आणल्या. मुलं क्रिकेट खेळायला गेली होती, नदीवर गेली होती, उगाच भटकून आली होती. मुलीही बाहेर गेल्या होत्या. पण एक चक्कीवर, एक दूध आणायला, एक धाकट्या भावाला क्लासला सोडायला. एकही मुलगी नुसती बाहेर गेली नव्हती. मी लाल पेन घेऊन बसले होते. शुद्धलेखन तपासलं, पण ही चूक कुणाच्या वहीत दुरुस्त करायची? ती तर माझ्या पिशवीत होती.

पुढच्या रविवारी पिशवी खुंटीवरच राहिली.

अम्मी गेल्यापासून अब्बा आमच्याकडे असतात. गुडघे गेलेत. ॲटलस भंगारात गेली. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखानाही 2020 साली नेमका जागतिक सायकल दिनाला बंद पडला. माझा भाऊ चाकणला जातो तो कंपनीच्या बसने. एवढा पल्ला सायकलचा नव्हे. घरात सायकल आता माझ्याच हातात आहे.

त्या दिवशी मी परतले तेव्हा अब्बा दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी रिकामं हँडल पाहिलं.

"कहाँ गई थी?"

"कहीं नहीं, अब्बा. बस, घूमके आई. रावेत तक."

मी हँडल घट्ट धरून उभी राहिले, जणू सातवीतच होते. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नदी में पानी कितना है?"

मी पायरीवर बसले आणि सांगू लागले. बंधारा, बगळे, पुलाची कमान. ते मध्ये मध्ये विचारत राहिले. इतकी वर्षे याच गावात सायकल चालवलेल्या माणसाला रावेतची नदी ठाऊक नव्हती. पाळीवर जाणाऱ्याला वळायला वेळ कुठला? कामाशिवाय बाहेर पडायची परवानगी मला अब्बांनी दिली नव्हती, हे खरं. पण त्यांना ती कुणी दिली होती?

सोमवारी वर्गात त्या मुलीला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "बेटा, उस दिन मैं दवाई लेने नहीं, घूमने आई थी." ती आधी बावरली, मग हसली. तिने हळूच विचारलं, "टीचर, सायकल सीखने को कितने दिन लगते?"