दुसरी पंगत

क्रूझवर भूक लागायला उसंतच मिळत नाही. सकाळी सहाला वरच्या डेकवर कॉफी आणि क्रोसाँ मांडलेले असतात. सातला नाश्त्याचा बुफे उघडतो. तो आवरतो न आवरतो तोच बर्गरचा काउंटर सुरू होतो, मग दुपारचं जेवण, चारचा चहा, रात्रीचं तीन-चार कोर्सचं जेवण आणि ते पचायच्या आत मध्यरात्रीचा पिझ्झा. दारू, सोडा आणि खास रेस्तराँ सोडली तर सगळं तिकिटात धरलेलं. त्यामुळे खिशात हात घालावा लागत नाही आणि नको म्हणायला कारणही उरत नाही.

आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा मी त्यांना मायामीहून निघणाऱ्या सहा रात्रींच्या क्रूझवर नेलं. मधे कोझुमेल, ग्रँड केमन आणि जमैकातलं फाल्मथ अशी तीन बंदरं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना जहाजाच्या टनांपासून पाण्याच्या टाक्यांपर्यंत सगळ्याची चौकशी करायची होती. आईची काळजी एकच होती. सहा दिवस शाकाहारी माणसानं तिथे खायचं काय? सांगलीहून निघताना तिनं भडंगाची चार पाकिटं बॅगेत टाकली होती, आणि जहाजाच्या सुरक्षा तपासणीतून ती बंद पाकिटं सुखरूप पारही पडली.

जहाजावर सुमारे तीन हजार प्रवासी होते. एवढ्या लोकांना रोज रात्री बसवून जेवू कसं घालायचं, हा प्रश्न माझ्या कामातल्या प्रश्नांच्या जातीचा आहे. एकाच वेळी सगळे आले तर यंत्रणा कोसळते, म्हणून गर्दी वाटून द्यायची. मुख्य डायनिंग रूममध्ये दोन वेळा असतात, एक सहाच्या सुमारास आणि दुसरी आठच्या. टेबल ठरलेलं, खुर्ची ठरलेली आणि वाढणारी माणसंही आठवडाभर तीच. मी बाबांना हे सगळं बफर आणि रांगांच्या भाषेत समजावत होते, तर ते म्हणाले, "म्हणजे पहिली पंगत आणि दुसरी पंगत. एवढंच ना?"

एवढंच. आम्ही दुसऱ्या पंगतीत होतो.

दारात एक मुलगी हसत हसत प्रत्येकाच्या तळहातावर सॅनिटायझर उडवायची. नोरोव्हायरससारखा पोटाचा आजार एकदा शिरला की बंद जहाजात पसरायला वेळ लागत नाही. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची स्वयंपाकघरं सीडीसीची माणसं अचानक येऊन तपासतात आणि शंभरपैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी मिळाले तर जहाज नापास. बाबांना हे फार आवडलं. आपल्याकडच्या कॉलेजांच्या मेसला हा नियम लावला तर किती पास होतील, यावर त्यांचं सूप येईपर्यंत चिंतन चाललं.

आमच्या वेटरच्या बिल्ल्यावर नावाखाली 'इंडिया' लिहिलेलं होतं. जहाजावर प्रत्येकाच्या नावाखाली देश असतो. फिलिपीन्स, इंडोनेशिया, जमैका, भारत. पहिल्या रात्री तो इंग्रजीतच बोलला. आईनं मेनूकार्ड हातभर लांब धरून "ह्यात आपलं काय आहे गं?" असं मला विचारलं आणि तो पाणी ओतता ओतता थांबला. "काकू, तुम्ही खंयच्या?" त्याच्या तोंडून निघून गेलं. तो सावंतवाडीकडचा. मग त्यानं सांगितलं, की मेनूकार्डावर नसलं तरी आदल्या दिवशी हेडवेटरला सांगून ठेवलं की खालच्या स्वयंपाकघरातले भारतीय आचारी डाळ, भात, एखादी भाजी करून देतात. दुसऱ्या दिवसापासून आमच्या टेबलावर रोज डाळ-भात आला. हेडवेटर जवळ असला की तो आईला 'मॅडम' म्हणायचा, लांब गेला की 'काकू'. तिसऱ्या रात्री ताटल्या मांडून झाल्यावर नेहमीचं 'एन्जॉय युवर मील' म्हणायच्या ऐवजी तो हळूच म्हणाला, "सावकाश होऊ द्या."

आईला हे सगळं आवडतही होतं आणि जडही जात होतं. तिचा सगळा जन्म दुसऱ्यांना वाढण्यात गेला. जेवण झालं की ती ताटल्या एकात एक ठेवायची, चमचे गोळा करायची, टेबलक्लॉथवरचे भाताचे कण बोटानं टिपायची. तो धावत यायचा. "काकू, राहू दे, मला ओरडतील." ती हात मांडीवर घेऊन बसायची, पण ते हात काही स्वस्थ नसायचे.

चौथ्या रात्री तिनं त्याला विचारलं, "तू कधी जेवतोस?"

"दहा-साडेदहाला. खाली मेस आहे आमची. भात असतो रोज."

तेव्हा मला कळलं की पंगत ही उपमा कुठे तुटते. आपल्याकडे लग्नात वाढणारा असतो तो चुलतभाऊ, शेजारचा मुलगा, नवऱ्यामुलाचा मित्र. कमरेला टॉवेल बांधून तो जिलबीचा आग्रह करतो आणि शेवटच्या पंगतीत स्वतः बसतो, तेव्हा जेवून उठलेल्यांपैकी कुणीतरी त्याला वाढतं. आज मी, उद्या तू. आचारी-वाढपी पैसे देऊन आणायची पद्धत आल्यापासून हेही सुटत चाललंय, पण निदान त्याची आठवण आहे. जहाजावर आमच्या पायांखाली दोन-तीन मजल्यांवर दुसरी पंगत रोज बसत होती आणि तिथे आम्हाला मज्जाव होता.

त्याचा करार आठ महिन्यांचा. आठ महिन्यांत साप्ताहिक सुट्टी नाही. बंदरावर दोन-तीन तास मोकळे मिळाले तर मिळाले, ते घरी व्हिडिओ कॉल करण्यात जातात. समुद्रावरच्या कामगारांसाठी २००६ सालचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात कामाची कमाल मर्यादा २४ तासांत १४ तास आणि सात दिवसांत ७२ तास अशी घालता येते. जमिनीवरच्या कुठल्याही ऑफिसात हा आकडा धमकीसारखा वाटेल. तिथे तो संरक्षण म्हणून लिहिलेला आहे.

त्याच्या वाटेला नवं काही नाही. कोकण आणि गोव्यातून माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जातात. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोव्यातल्या गावागावांचे 'कूड' उभे राहिले ते बऱ्याच अंशी ह्याच लोकांसाठी. बोट मिळेपर्यंत एक ट्रंक आणि एक चटई टाकायला जागा, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हटलेली प्रार्थना. आता बोट मिळते ती ऑनलाइन मुलाखतीनंतर, पण आठ महिने घराबाहेर राहण्याचा हिशेब तोच आहे. सावंतवाडीजवळ त्याच्या घराचा स्लॅब पडलाय, वरचा मजला व्हायचाय. मुलगी पहिलीत गेली तो दिवस त्यानं फोनवर पाहिला.

"तुमचं किती वर्षांचं?" त्यानं मला विचारलं. मला आधी प्रश्नच कळला नाही. मग उमगलं की तो व्हिसाबद्दल विचारतोय. माझं तीन वर्षांचं, वाढवून सहा. त्यानं मान हलवली, जणू आम्ही दोघं एकाच कंपनीत वेगवेगळ्या खात्यांत आहोत. मला मात्र त्या तुलनेत सहज शिरता येईना. माझ्या करारात शनिवार-रविवार आहेत.

दिवसा जहाज बंदराला लागायचं आणि सगळे उतरायचे. ही बंदरं केवळ हौसेपोटी मार्गात नसतात. बहुतेक मोठी क्रूझ जहाजं बहामास किंवा पनामासारख्या देशांच्या झेंड्याखाली चालतात, आणि अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा परदेशी जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमध्येच प्रवासी फिरवू देत नाही. मायामीहून निघून मायामीला परतायचं तर मधे निदान एका परक्या बंदराला पाय लावावाच लागतो. म्हणजे माझ्या आईनं कोझुमेल पाहिलं त्यात एकोणिसाव्या शतकातल्या जहाजमालकांचाही हात आहे.

कोझुमेलला आम्ही सान हेर्वासिओचे माया अवशेष पाहिले. इश्चेल ही तिथली देवी, बाळंतपणाशी जोडलेली. मुख्य भूमीवरच्या बायका होड्यांतून समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला यायच्या. आईनं चपला काढल्या आणि नमस्कार केला. गाइडला त्याचं काही वाटलं नाही, मागे उभ्या असलेल्या टेक्ससच्या आजींनी मात्र तिचं बघून डोक्यावरची टोपी काढली. ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही, त्यामुळे जहाज समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या होड्या माणसं किनाऱ्यावर नेतात. तिथल्या नॉर्थ साउंडमध्ये कमरेएवढ्या पाण्यात शेकडो माणसं स्टिंगरे माशांच्या घोळक्यात उभी असतात. पूर्वी कोळी त्या शांत पाण्यात मासे साफ करायचे, टाकलेल्या आतड्यांसाठी हे प्राणी जमायचे. १९८०च्या दशकात पाणबुड्यांनी त्यांना हातानं खायला घालायला सुरुवात केली आणि त्याची सहल झाली. एक रे माझ्या पायाला मऊ, ओल्या चादरीसारखा घासून गेला. गाइडच्या हातातलं स्क्विड संपल्यावर तो लगेच शेजारच्या होडीकडे वळला. आमच्यासारखाच बुफेला सरावलेला.

फाल्मथला आम्ही जहाजाची सहल घेतली नाही. जहाजाकडून सहल घेतली की एक हमी असते, बस उशिरा आली तरी जहाज थांबतं. स्वतःच्या जबाबदारीवर गेलात तर थांबत नाही. म्हणून बरेच लोक धक्क्याच्या आवारातच फिरतात. हा धक्का २०११ साली सुरू झाला. आत दागिन्यांची दुकानं, रमच्या बाटल्या, टी-शर्ट, सगळं कोझुमेलला होतं तसंच. मग एक फाटक येतं आणि फाटकाबाहेर गाव.

गाव १७६९मध्ये वसलं, साखरेच्या पैशावर. न्यूयॉर्कच्या आधी इथे नळाचं पाणी होतं असं लोक अभिमानानं सांगतात, गावाच्या मधल्या चौकाचं नावच वॉटर स्क्वेअर आहे. ती साखर पिकवली आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी. १८३८मध्ये त्यांची पूर्ण मुक्तता झाली. विल्यम निब या पाद्र्याच्या इथल्या चर्चमध्ये लोकांनी बेड्या आणि चाबूक शवपेटीत घालून पुरले. मळ्यांना हात कमी पडू लागले, आणि १८४५च्या मे महिन्यात भारतातून करारबद्ध मजुरांचं पहिलं जहाज जमैकाला लागलं. पुढच्या सत्तरेक वर्षांत सुमारे ३६ हजार माणसं आली. मुख्यतः उत्तर प्रदेश-बिहारकडची. त्यांचाही करारच होता. फक्त तो वर्षांचा होता, आणि पुष्कळजण परतले नाहीत.

चौकाजवळ एका बाईंची लहानशी खाणावळ होती. फळ्यावर खडूनं 'करी गोट' लिहिलेलं. त्या मजुरांबरोबर आलेला मसाला आता जमैकाचा झालाय, लग्नकार्यात बोकडाच्या करीशिवाय चालत नाही. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर बाईंनी जरा विचार केला आणि राइस अँड पीज आणलं, म्हणजे नारळाच्या दुधात राजमा घालून शिजवलेला भात. सोबत हिरवी पालेभाजी, कांदा-टोमॅटोवर परतलेली. त्या तिला कलालू म्हणाल्या. आईनं एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "अगं, हा माठ आहे."

खरंच माठ होता. जमैकातली कलालू म्हणजे माठाच्याच कुळातली भाजी. आईला पान बघायचं होतं. मी दुभाषी म्हणून उठले, पण तोवर ती स्वयंपाकघरात पोचलीही होती. बाईंनी जुडी दाखवली. आईनं देठ मोडून दाखवला, कोवळा आहे की नाही ते कसं बघायचं ते. बाई हसल्या आणि त्यांनी दुसरा देठ सोलून दाखवला, आमच्याकडे असं करतो. पाचेक मिनिटं दोघी एकमेकींची भाषा न येता भाजी निवडत बसल्या. निघताना आईनं स्वतःची ताटली स्वतः उचलून मोरीत ठेवली. तिला कोणी अडवलं नाही. सहा दिवसांत ती एवढी खूश झालेली मी तेव्हाच पाहिली.

शेवटच्या रात्री डायनिंग रूममध्ये दिवे मंद करतात, मोठ्यानं गाणं लावतात आणि सगळे वेटर हातरुमाल फिरवत टेबलांमधून नाचतात. प्रवासी टाळ्या वाजवतात. बाबांनीही वाजवल्या. आईनं नाही. त्या घोळक्यात आमचा सावंतवाडीकरही होता, कपाळ घामानं चमकत होतं. नाच संपल्यावर तो आमची मिठाई घेऊन आला. "नाचायला लावतात होय रे?" आईनं विचारलं. "नाच सोपा असतो काकू," तो म्हणाला, "ट्रे जड."

टिप रोजच्या रोज बिलात लागत होती. तरी वर काहीतरी हातात द्यावं यावर आमचं एकमत होतं, किती यावर नव्हतं. मी पन्नास म्हटलं, बाबांनी पाकिटात आणखी एक डॉलर घातला. एक्कावन्न. वर भडंगाची उरलेली दोन पाकिटं. त्यानं पाकीट खिशात घातलं, भडंग मात्र हातात धरून ठेवलं. "हे रात्री खाली मेसमध्ये फोडणार," तो म्हणाला, "कांदा मिळतो आमच्याकडे."

सकाळी दहाच्या आत आम्ही मायामीत उतरलो. दुपारी त्याच जहाजात नवे तीन हजार लोक चढायचे होते. आमच्या टेबलाला नवा टेबलक्लॉथ, नव्या ताटल्या, वाढणारा तोच. आई गाडीत बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "त्याचं सुटायला अजून किती महिने गं?"

पाच, मी म्हटलं. तिनं बोटांवर मोजलं. गणपती हुकणार होते, दिवाळी कदाचित सापडेल.