स्पर्शाविना सूर : क्लारा रॉकमोर

क्लारा रायझेनबर्ग यांचा जन्म १९११ साली विल्ना येथे झाला. आजचे लिथुआनियातील विल्नियस. जेमतेम चार-पाच वर्षांच्या असताना पेट्रोग्राडच्या विख्यात संगीत विद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. लिओपोल्ड आवर यांच्यासारखा व्हायोलिनगुरू लाभला. क्रांतीनंतर कुटुंबाने देश सोडला आणि १९२१च्या अखेरीस अमेरिका गाठली. पण बालपणीच्या उपासमारीने हाडे दुबळी करून टाकली होती. ऐन उमेदीत व्हायोलिन खाली ठेवावे लागले.

त्याच काळात रशियन शास्त्रज्ञ लेव्ह तेर्मेन न्यूयॉर्कमध्ये आपले वाद्य दाखवीत होते. थेरेमिनला ना तार, ना पडदा, ना पट्टी. आत दोन विद्युत्-आंदोलक असतात. उभ्या दांडीजवळ हात गेला की एकाची वारंवारता किंचित बदलते आणि दोहोंतील फरक स्वर होऊन ऐकू येतो. दुसरा हात एका कड्याजवळ राहून आवाज लहानमोठा करतो. या वाद्यावर मींड जणू फुकट मिळते. कठीण आहे ते दोन स्वर सुटे आणि स्वच्छ उमटवणे. वादकाचा खांदा जरी हलला तरी सूर ढळतो.

क्लारा यांनी त्यावर बोटांची स्वतःची पद्धत बसवली : हवेतच बोटे उघडत-मिटत नेमका स्वर गाठायचा. वाद्यही त्यांनी बदलून घेतले. तेर्मेन यांनी त्यांच्यासाठी तीनऐवजी पाच सप्तकांचे, आवाज झटकन तोडता येईल असे थेरेमिन बांधले. (त्यांनी क्लारा यांना मागणीही घातली होती; क्लारा यांनी वरले ते वकील रॉबर्ट रॉकमोर यांना.) १९३४ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांची मैफल झाली. पुढे पॉल रोबसन यांच्यासोबत दौरे झाले. तेर्मेन मात्र १९३८ साली मायदेशी परतले आणि स्टालिनच्या बंदिवासात सापडले.

१९४५ साल मोठे विलक्षण. त्या वर्षी लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या वाद्यवृंदासह क्लारा यांनी अनिस फुलेहान यांचा थेरेमिन-कॉन्चेर्तो प्रथमच सादर केला. त्याच वर्षी हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’मध्ये दुसऱ्या एका वादकाच्या थेरेमिनचा कापरा आवाज भयासाठी वापरला गेला. लोकांच्या लक्षात राहिला तो दुसरा. हा अन्यायच म्हणायचा.

क्लारा यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली थेट १९७७ साली, पासष्टी उलटल्यावर. ती काढण्यात पुढाकार होता सिंथेसायझरकार रॉबर्ट मूग यांचा, ज्यांची सुरुवातच थेरेमिन बनवण्यापासून झाली होती. पियानोवर होती थोरली बहीण नादिया. त्यातील सेन-साँस यांचा ‘हंस’ अवश्य ऐकावा. मूळ रचना चेलोची, आणि इथे तारेवरून फिरणारा गज कुठेही नाही.