तापलेली टाच

आमच्या सोसायटीतल्या एका पोराच्या फुटबॉल जर्सीवर कोंबडा आहे. चेंडूवर उभा, छाती काढून. हे काय म्हणून विचारलं, तर “काका, टॉटनहॅम हॉटस्पर!” असं उत्तर आलं, आणि त्या स्वरात माझ्याविषयी थोडी कीव होती. टॉटनहॅम लंडनमध्ये आहे एवढं मला ठाऊक होतं. पण हॉटस्पर? स्पर म्हणजे स्वाराच्या टाचेला बांधलेली लोखंडी आर, घोड्याला टोचायची. ती गरम कशानं झाली?

टोचून टोचून. हेन्री पर्सी हा इंग्लंडच्या उत्तर सरहद्दीवरचा सरदार. स्कॉटिश लोकांशी त्याच्या सतत चकमकी चालत, आणि घोडा पुढे काढण्याची त्याची घाई पाहून त्यांनीच त्याला हे नाव दिलं. शत्रूनं ठेवलेली नावं आईबापांनी ठेवलेल्या नावांपेक्षा जास्त नेमकी असतात. पुढे इंग्रजीत कुणाही तापट, उतावळ्या माणसाला हॉटस्पर म्हणू लागले. १८८२ साली टॉटनहॅममधल्या मुलांनी क्लब काढला तो याच पर्सीच्या नावानं, आणि टाचेला आर हवी म्हणून झुंजीचा कोंबडा बोधचिन्हात येऊन बसला.

हा पर्सी १४०३ च्या जुलैमध्ये श्रूजबरीच्या लढाईत राजाविरुद्ध लढताना मेला. गरम होतं म्हणून की नीट दिसावं म्हणून, त्यानं शिरस्त्राणाची झडप वर केली आणि बाण थेट तोंडावर आला, असं सांगतात. वय ३९. शेक्सपिअरनं मात्र ‘चौथा हेन्री’ नाटकात त्याला युवराज हॅलच्या वयाचा करून टाकलं आणि शेवटी दोघांचं द्वंद्व लावून हॅलच्या हातून मारलं. खरा हॅल तेव्हा सोळा वर्षांचा होता. खरी गंमत पुढेच आहे. त्याच दिवशी, त्याच लढाईत, हॅलच्याही तोंडावर बाण लागला.

नाकाच्या बाजूनं घुसून तो सहा इंच आत गेला होता. काडी ओढली तर ती हातात आली आणि लोखंडी टोक कवटीच्या मागच्या हाडात तसंच राहिलं. वैद्यांनी काढे दिले, लेप लावले, टोक काही हलेना. मग जॉन ब्रॅडमोर नावाचा लंडनचा शल्यवैद्य आला. त्यानं आधी बाणाला हातच लावला नाही. एल्डर नावाच्या झाडाचा भेंड घेऊन त्याच्या काड्या केल्या, त्यांना स्वच्छ कापड गुंडाळलं, गुलाबाच्या मधात भिजवलं आणि जखमेत सरकवलं. नंतर त्याहून जाड काडी, मग त्याहूनही जाड, असं करत वाट रुंद करत नेली. तोवर त्यानं स्वतः एक चिमटा घडवून घेतला होता: पोकळ, गुळगुळीत, मध्ये स्क्रू. बाणाच्या टोकाला काडी बसवायची जी खोबण असते, तिच्यात हा चिमटा शिरवायचा, स्क्रू फिरवून आतून फाकवायचा, आणि मग हळूहळू इकडे-तिकडे हलवत बाहेर आणायचा. टोक निघालं. जखम पांढऱ्या वाइननं धुतली. त्यानंतर मध, सातूचं पीठ आणि टर्पेंटाइन लावलेल्या वाती रोज थोड्या आखूड करत ठेवायच्या, म्हणजे जखम तळापासून भरत येईल. धनुर्वाताच्या भीतीनं मान चोळत राहायची. वीसेक दिवस हे चाललं. ब्रॅडमोरनं हे सगळं आपल्या ग्रंथात तपशिलानं लिहून ठेवलं आहे, आणि मी ते वर्णन वाचताना एकदाही खुर्चीत सरळ बसू शकलो नाही. हा मुलगा पुढे पाचवा हेन्री झाला आणि अजिंकूरची लढाई जिंकला. शेक्सपिअरच्या नाटकात ब्रॅडमोर नाही. नाटककाराचंही बरोबर आहे. चिमट्याचा स्क्रू फिरताना बघायला कोण तिकीट काढील?

इंग्रजीतला अविचार बहुतेक वेळा असा घोड्यावर बसलेला असतो. ‘ब्रेकनेक’ म्हणजे मान मोडेल अशा वेगानं. ‘स्पर ऑफ द मोमेंट’मध्ये क्षणच टाच मारतो. माझा लाडका आहे ‘हेल फॉर लेदर’. यातलं लेदर बहुधा खोगिराचं असावं, हेल कशासाठी हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगत नाही. किपलिंगच्या ‘द स्टोरी ऑफ द गॅड्सबीज’मध्ये एक लष्करी माणूस दुसऱ्याला चिठ्ठी घेऊन असं दौडायला सांगतो. हे पुस्तक १८८८ साली अलाहाबादहून निघालं, रेल्वे प्रवाशांसाठी, किंमत एक रुपया. प्रकाशक व्हीलर. होय, फलाटावरचे तेच व्हीलर.

‘हेडलाँग’ हा शब्द आधी ‘हेडलिंग’ होता. ‘लिंग’ हा दिशा दाखवणारा जुना प्रत्यय, डोकं पुढे करून असा अर्थ. प्रत्यय लोकांच्या विस्मरणात गेला, मग त्यांनी ऐकलं तसं ‘लाँग’ करून टाकलं. ‘रेकलेस’ची गत उलटी. ‘रेक’ म्हणजे काळजी, पर्वा. बेपर्वाई रोजच्या वापरात टिकली आणि पर्वा मात्र जुन्या कवितांत जाऊन बसली. आता पुष्कळ इंग्रज आरंभी डब्ल्यू लावून तो शब्द लिहितात, मोडतोडीचा ‘रेक’ समजून. चूक असली तरी अडाणी नाही म्हणायची. ‘टेमेरिटी’ हा लॅटिन शब्द मला जरा मिजासखोर वाटायचा. पण त्याचं मूळ ‘तेमेरे’, म्हणजे अंधारात चाचपडल्यासारखं, आणि ते आपल्या ‘तमस्’च्या सख्ख्या नात्यातलं आहे हे कळल्यापासून मी त्याच्याशी सलोखा केला आहे.

घोड्यावरून उतरावं तर बंदूक. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी धरून ठेवणाऱ्या भागाला इंग्रज ‘कॉक’ म्हणतात, म्हणजे कोंबडा. आपण त्यालाच घोडा म्हणतो. तो अर्धाच मागे ओढला तर बंदूक उडू नये अशी सोय असते. तरीही उडाली, तर ती ‘हाफ कॉक’ला उडाली. अर्धवट तयारीनं सुरू झालेल्या कामांना हे विशेषण इतकं चपखल बसतं, की उद्घाटनाच्या फितीवरच छापावं. धनुष्याच्या काळात जावं, तर ‘आततायी’ हा संस्कृत शब्द भेटतो: ज्याची दोरी ताणलेली आहे असा. धर्मशास्त्रात तो घर जाळणारा, विष देणारा, शस्त्र उगारून आलेला असा नामचीन गुन्हेगार आहे. मराठीत आता सिग्नल तोडणाराही आततायी.

घाईचे शब्द फार काळ घाईत राहत नाहीत. ‘सून’ म्हणजे जुन्या इंग्रजीत ताबडतोब. ‘प्रेझेंटली’सुद्धा ताबडतोब. ‘अनॉन’ म्हणजे तर सरळ, एका दमात. माणसं ‘आलो’ म्हणतात आणि येत नाहीत. शब्द तरी काय करतील? ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात, ईस्टचीपच्या गुत्त्यात, फ्रान्सिस नावाचा एक पोऱ्या आहे. युवराज हॅल त्याला बोलण्यात गुंतवतो आणि त्याचा मित्र पलीकडच्या खोलीतून फ्रान्सिसला हाका मारत सुटतो. पोऱ्या दर हाकेला ‘अनॉन’ म्हणतो आणि जागचा हलत नाही. चहाच्या टपरीवर ‘आणतो साहेब’ ऐकलेल्या माणसाला हा प्रवेश समजावून सांगावा लागत नाही. पोऱ्या गेल्यावर हॅल काही कारण नसताना हॉटस्परची नक्कल सुरू करतो: न्याहारीला सहा-सात डझन स्कॉट मारून हात धुणारा, आणि मग बायकोपाशी कुरकुरणारा, की कसलं हे निवांत आयुष्य, काही काम द्या. नाटकात हॉटस्पर आणि फ्रान्सिस एकमेकांसमोर कधी येत नाहीत. आले असते तर पर्सीला त्या गुत्त्यात प्यायला काही मिळालं असतं असं वाटत नाही.