बाळंतविड्याची पिशवी

धाकटीचे दिवस आषाढात भरत होते. आमच्या माळशिरसात हे ऐकले की आधी पालखीचा हिशेब घातला जातो. ज्ञानोबांची पालखी नातेपुत्याहून आमच्याकडे येते आणि पुढे वेळापूरला जाते. त्याच सुमारास तुकोबांची पालखी अकलूजला असते. दवाखाना ठरवला होता अकलूजचा. म्हणून आठवा महिना सरताच आम्ही, म्हणजे अम्मी आणि आम्ही दोघी थोरल्या बहिणी, पिशवी भरायला बसलो.

पिशवी शिक्षक प्रशिक्षणात मिळालेली, कापडी. नानीचे सुती लुगडे फाडून अम्मीने दुपटी आणि डझनभर लंगोट शिवले होते. नव्या कापडाची खळ बाळाला टोचते, जुनेच मऊ. मग झबली, टोपडी, पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड, थर्मास, वाटी-चमचा. खजुराची पुडी अम्मीने स्वतः ठेवली. सातव्या महिन्यापासून धाकटीला ती सूरह मरियम पढायला लावत होती. हजरत मरियमनाही कळा आल्या त्या खजुराच्या बुंध्याशीच.

भांडण झाले ते मधाच्या बाटलीवरून. आशाताईंनी बजावले होते की वर्षाच्या आत मध नको. त्यातले जंतू तान्ह्याच्या पोटात विष तयार करतात, अंग लुळे पडू शकते. पहिल्या तासात आईचे चिकाचे दूध, बस. अम्मी म्हणाली, “तुम सबकू मैंच चटाई, कोई मरे क्या?” बी.एड.ला यावर उत्तर शिकवत नाहीत. बाटली आम्ही काढून फडताळात ठेवली.

खरा वेळ गेला तो कागदांत. बारा वर्षांपूर्वी आमच्या मुलाच्या वेळी रात्री घाईत निघालो, कागद घरी राहिले. विचारले तसे सांगितले, ऐकले तसे लिहिले गेले. आईचे आडनाव ‘मुलाणी’ऐवजी ‘शेख’ पडले, नावातले एक अक्षर गळले. दुरुस्तीला दोन वर्षे हेलपाटे घातले. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दुसऱ्यांच्या लेकरांची नावे वळणदार अक्षरात लिहिणारे आम्ही!

अब्बांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या बरोबरीच्या निम्म्या माणसांची तीच, शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली. यावर आम्ही हसायचो. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्वाचा कायदा झाला, तेव्हा अब्बांनी ट्रंकेतले सगळे कागद पलंगावर मांडले. प्रत्येकावर नाव थोडे वेगळे. त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. आता तर १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्माचा दाखलाच लागतो.

म्हणून फाईल केली. आधार, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, रक्तगटाची चिठ्ठी. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५००० रुपये आईच्याच खात्यावर येतात, म्हणून तिचे पासबुक. निकाहनामा उर्दूत, खिडकीवर तो वाचणार कोण? त्याची मराठी नक्कल आम्ही केली. वर एका कोऱ्या कागदावर आईबापाची नावे मोठ्या अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत, आधारवर आहेत अगदी तशी. धाकटीच्या नावातला नुक्ता आधारने केव्हाच खाल्ला होता. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत नुक्ते तपासले, आणि इथे स्वतःच्या हाताने तो सोडून दिला. जिवावर आले, पण सोडला.

कळा सुरू झाल्या त्या नेमक्या पालखीच्या मुक्कामाच्या रात्री. दाजींनी जीप काढली. गल्लीच्या तोंडाशी वारकरी झोपलेले. त्यांना उठवावे लागले. कोणी कुरकुरले नाही. एका म्हाताऱ्या माउलीने काचेतून आत पाहिले आणि पुढच्यांना ओरडून बाजूला केले.

पहाटे मुलगी झाली. अब्बांनी उजव्या कानात अजान दिली, डाव्या कानात इकामत.

दुपारी खिडकीवरच्या बाईंनी आमचा कोरा कागद समोर धरून नावे उतरवली. अक्षर न् अक्षर आम्ही वाचून पाहिले. “बाळाचे नाव?” आम्ही म्हटले, सातव्या दिवशी अकीका आहे, तेव्हा ठेवू. नाव नंतर घालता येते, वर्षभरात फीसुद्धा पडत नाही, हे आम्ही विचारून ठेवले होते. त्यांनी रकाना मोकळा सोडला.

वॉर्डात परतलो तर अम्मी पाठमोरी बसलेली. ओढणीच्या गाठीत काहीतरी चमकले. मधाचीच बाटली होती, झाकण अजून उघडलेले नव्हते.