तांदळाच्या डब्यातला लॅपटॉप

गेल्या आषाढातील ही गोष्ट आहे. आमचे घर रत्नागिरीचे. दोन्ही वेळच्या जेवणात भात नसेल तर जेवल्यासारखे वाटत नाही, असे म्हणणाऱ्यांपैकी. त्यात माझे सासरे, अण्णा, वय वर्षे ८१, निवृत्त मुख्याध्यापक, हे भाताचे खास भोक्ते. तेच अण्णा एका मंगळवारी सकाळी म्हणाले, “आज भात नको गं, भाकरीच कर.” बुधवारीही तेच. माझ्यातील डॉक्टर लगेच जागा झाला. भूक मंदावली असावी का? पण भाकरी तर दोन खात होते. दात दुखतो म्हणावे, तर भाकरी चावतात कशी? मी त्यांची जीभ पाहिली, पोट तपासले, साखर तपासली. सारे ठीक निघाले.

गुरुवारी पाहुणे यायचे होते, म्हणून मी कोठीच्या खोलीतला पत्र्याचा डबा उघडला आणि तांदळात हात घातला, तो बोटांना काही सपाट, थंड लागले. अण्णांचा लॅपटॉप तांदळात पुरलेला होता.

मागे वळून पाहिले तर अण्णा दारात उभे. चेहरा असा, की गृहपाठ न केलेला विद्यार्थी त्यांनीच आयुष्यभर ज्या नजरेने पाहिला असेल, ती नजर आता त्यांच्यावर पडणार आहे.

सोमवारी संध्याकाळी पाण्याचे फुलपात्र उचलताना ते कळांच्या पाटीवरच कलंडले होते. त्यांनी पंचाने पाणी टिपले, लॅपटॉप मिटून ठेवला आणि कोणाला काही सांगितले नाही. मंगळवारी पहाटे चार्जर लावून ‘चालतो का’ म्हणून सुरू करून पाहिला. पडदा उजळला, दोन मिनिटांत काळा पडला. पुन्हा एकदा करून पाहिले. मग एका जुन्या मित्राला दूरध्वनी केला. त्यांनी तांदळाचा उपाय सांगितला. आता डबा उघडला जाऊ नये, म्हणून भाकरी.

आपल्याला हसू येईल, मलाही आले. पण ते टिकले नाही, कारण अण्णा म्हणाले, “त्यात हिचा आवाज आहे.”

माझ्या सासूबाईंना जाऊन चार वर्षे झाली. त्यांच्या शेवटच्या वर्षात अण्णांनी त्यांच्याकडून पाककृती सांगून घेतल्या होत्या, सांदणांपासून फणसाच्या भाजीपर्यंत, आणि सारे बोलणे त्या लॅपटॉपमध्ये ध्वनिमुद्रित केले होते. त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

त्याच दुपारी तो लॅपटॉप घेऊन आम्ही दोघे मारुती मंदिराजवळच्या एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाकडे गेलो. त्याने मागचे झाकण उघडले. आतल्या पाटीवर, चार्जर जोडतात त्या जागेपाशी, हिरवट-पांढरा गंज फुलला होता. एका खाचेत तांदळाचा दाणा अडकला होता आणि पंख्यात कोंडा. “काका, पाण्यानं एवढं नाही बिघडत,” तो म्हणाला, “पाणी असताना वीज दिली ना, तिथं बिघडतं.”

हे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. आपल्या नळाच्या व विहिरीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. ओल्या पाटीत वीज असेल तर जिथे ती पोचू नये तिथे पोचते, आणि धातू झपाट्याने गंजू लागतो. म्हणून पाणी सांडल्यावर ‘चालतो का पाहू’ हा मोह सर्वांत घातक. तांदळाने आतले पाणी ओढले जात नाही. उलट पिठूळ धूळ मात्र आत जाते. शिवाय आमच्याकडे आषाढात धोतर चार दिवस दोरीवर वाळत नाही, तिथे बंद डब्यातला लॅपटॉप काय वाळणार!

मग करावे काय? आपल्या घरात असे घडले, तर यंत्राआधी माणूस. ओल्या हाताने चार्जरला हात लावू नका. हात पुसून आधी भिंतीवरचे बटण बंद करा. ते बटणच भिजले असेल तर मुख्य स्विच. आणि फरशीवरचे पाणी लगेच पुसून घ्या किंवा कोणाला तरी हाक मारा. लॅपटॉप वाचवण्याच्या घाईत ओल्या फरशीवरून घसरून मोडलेले खुब्याचे हाड मी पाहिलेले आहे. लॅपटॉप नवा मिळतो.

वीज बंद झाली की लॅपटॉपचे चालू-बंद करण्याचे बटण दहाएक सेकंद, दिवा विझेपर्यंत, दाबून धरा. लिहीत असलेला मजकूर राहून जाईल, जाऊ द्या. पेन ड्राइव्ह, माऊस काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. मग लॅपटॉप उघडा करून, कौलारू घराच्या छपरासारखा, कळांची बाजू खाली येईल असा जाड पंचावर उपडा ठेवा, म्हणजे पाणी आल्या वाटेने परत जाईल. हलवू-झटकू नका. केस वाळवण्याच्या यंत्राचा गरम झोत नको, गॅसजवळ ठेवणे नको. आणि शक्यतो त्याच दिवशी जाणकाराकडे न्या, कारण आताच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी आत असते आणि बटण बंद केले तरी ती जोडलेलीच राहते. तो ती सोडवतो, पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुतो व पुरती वाळवतो. त्याला काय सांडले ते खरे सांगा. साखरेचा चहा किंवा काढा साध्या पाण्याहून वाईट, कारण पाणी उडून गेले तरी चिकटा आत राहतो. बॅटरी फुगलेली दिसली, गरम लागली किंवा विचित्र वास आला, तर चार्जिंग करायचे नाही, ती दाबायची नाही आणि घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही.

हे सारे त्या तरुणाने मला शिकवले. मी रुग्णांना समजावून सांगते, त्याहून जास्त शांतपणे.

तो तबकडी काढून तपासत असताना अण्णा बाकावर बसले होते. त्याने त्यांना चहा दिला. अण्णांनी पेला उचलला आणि बशीवर त्याचा किणकिणाट सुरू झाला. त्यांनी तो लगेच खाली ठेवला आणि म्हणाले, “मी हल्ली चहा कमी केलाय.”

वाचकहो, हे वाक्य मी घरी तीन आठवडे ऐकत होते आणि त्याबद्दल मी त्यांना शाबासकीही दिली होती! ते चहा अर्धा कप घेऊ लागले होते, घरी दाढी करणारे अण्णा न्हाव्याकडे जाऊ लागले होते, आणि बँकेच्या कागदावर ‘नंतर सही करतो’ म्हणाले होते. जेवण हाताने, त्यामुळे ताटात काही दिसले नाही. फुलपात्र का कलंडले, हा प्रश्न सोमवारपासून घरात कोणाला पडला नव्हता. मला तर गुरुवारी सगळे कळल्यावरही पडला नव्हता.

घरी येऊन मी त्यांना दोन्ही हात पुढे ताणून धरायला सांगितले. बोटांना बारीक, जलद कंप होता. हात मांडीवर सैल सोडले की तो थांबे. कंपवातात म्हणजे पार्किन्सनच्या आजारात बहुधा याच्या उलट असते. हात स्वस्थ असताना कंप दिसतो. कागदावर चकली काढायला सांगितली. तिच्या सगळ्या वेढ्यांना काटे आले. अण्णा म्हणाले, “चकली भाजणीची झाली.” मग मी औषधांची पिशवी उघडली, आणि त्यातली चिठ्ठी माझ्याच अक्षरातली निघाली.

अण्णांना दमा आहे. जूनअखेरीस धाप वाढली, तेव्हा मी पंप सुचवला होता. “पंपाची सवय लागते,” ते म्हणाले. ही गैरसमजूत मी रोज चार रुग्णांच्या डोक्यातून काढते. घरी मात्र वाद नको म्हणून सालब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा लिहून दिली. आता हिशेब पाहा. पंपाच्या एका फवाऱ्यात हेच औषध १०० मायक्रोग्रॅम असते. गोळीत त्याच्या चाळीसपट, आणि तेही फुप्फुसात थेट न जाता रक्तातून सर्व अंगभर फिरते. स्नायूंवर त्याचा परिणाम होऊन हात थरथरतात, छाती धडधडते. हे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात आहे, मला पाठ आहे, आणि ८१ वर्षांच्या माणसाला सुरुवात तरी निम्म्या मात्रेने करायची हेही ठाऊक होते. घरच्या माणसाला तपासताना डॉक्टर पाहुण्यासारखा वागतो. चिठ्ठी लिहितो, पण आठ दिवसांनी पुन्हा बोलावत नाही.

“हात थरथरतात हे मला का नाही सांगितलंत?” मी विचारले.

“तू रागावशील म्हणून नाही गं,” ते म्हणाले. “कंपवात म्हणशील, मग एकट्यानं बाहेर जाऊ नका म्हणशील, मग हे यंत्रही काढून घ्याल. माझ्या वडिलांच्या हातून आम्ही असंच एकेक काढून घेतलं होतं.”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वृद्धांची काळजी घेणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांजवळ नसेल.

मी माझ्या एका छातीरोगतज्ज्ञ मित्राचा सल्ला घेतला. या वेळी चिठ्ठी त्याने लिहिली. गोळी थांबली. श्वासमार्गाची सूज कमी करणारा पंप, तो सोपा जावा म्हणून स्पेसरची नळी, आणि घेतल्यावर चूळ भरणे असे ठरले. आपल्यापैकी कोणाचे हात थरथरत असतील तर कृपा करून स्वतःहून औषध थांबवू नका. सगळ्या गोळ्या, पातळ औषधे, काढे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि ‘थरथर कधीपासून, औषध कधीपासून’ एवढे सांगा. थायरॉइड वाढल्याने, साखर उतरल्याने, इतर काही औषधांनीही हात कापतात. कंपावर म्हणून दिले जाणारे प्रोप्रानोलॉल दम्याच्या रुग्णाला धोक्याचे असते. त्या गुरुवारी मी घाईत गोळीवर गोळी चढवली असती, तर काय झाले असते याचा विचार मला अजून नको वाटतो.

अण्णांची थरथर चौथ्या दिवशी पुष्कळ कमी झाली. किंचित उरली आहे. ती वयाची असावी. लॅपटॉपची पाटी मात्र गेली. दुरुस्तीच्या खर्चात जुना लॅपटॉप आला असता, आणि तसा तो माझ्या मुलाने पाठवलाही. यंत्र जुन्या घडणीचे असल्याने त्याची तबकडी वेगळी निघत होती. हल्लीच्या कित्येकांत साठवण पाटीलाच जोडलेली असते, तिथे हे साधत नाही. तरुणाने ती एका छोट्या पेटीत बसवून दिली. आता तिच्या दोन प्रती आहेत, एक आमच्याकडे व एक पुण्याला नणंदेकडे.

अण्णांचे पाणी आता डावीकडच्या बुटक्या स्टुलावर, झाकणाच्या बाटलीत असते. स्टूल त्यांनी स्वतः निवडले.

परवा फणस आणला, तेव्हा त्यांनी ती पाककृती लावली. सासूबाई मोहरीचे प्रमाण सांगत होत्या, मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, तो पेला जरा लांब ठेवा, सांडेल त्यावर.” अण्णांनी तेवढेच दोनदा ऐकले, मग मला म्हणाले, “मोहरी किती म्हणाली?”