थोरल्याची गोष्ट

'एरॅगॉन' आमच्या घरात आणलं आतेभावानं. तो पुण्याला शिकायला होता आणि दिवाळीला कोल्हापूरला आला की त्याच्या बॅगेतून मळलेल्या कपड्यांबरोबर एक-दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं निघत. मी तेव्हा आठवीत, मराठी माध्यमात. इंग्रजी पुस्तक म्हणजे धड्याखाली प्रश्न असणारच, अशी माझी समजूत. या पुस्तकावर मात्र निळ्या खवल्यांच्या ड्रॅगनचा चेहरा होता आणि आत सुरुवातीलाच नकाशा. गोष्ट कळायच्या आधी मला तो नकाशा कळला. अलगेझिया नावाचा प्रदेश, पश्चिम किनाऱ्याला धरून दक्षिणोत्तर गेलेली डोंगररांग, पलीकडे समुद्र, अलीकडे मैदानं. भूगोलाच्या तासाला सह्याद्री आम्ही याच जागी काढायचो. वहीच्या मागच्या पानांवर मी तो नकाशा उतरवून काढला, नद्या निळ्या पेन्सिलीनं, हदारक वाळवंट ठिपक्यांनी, आणि डोंगररांगेत माझ्या पदरचे दोन-तीन घाटही घातले, कारण घाटाशिवाय माणसं खाली उतरणार कशी?

नकाशा खुद्द लेखकानंच काढलाय हे पुढे समजलं. क्रिस्टोफर पाओलिनी. अमेरिकेत मोंटानामधल्या पॅरडाइज व्हॅलीत वाढलेला, शाळेत न जाता घरीच शिकलेला मुलगा. पंधराव्या वर्षी लिहायला बसला. २००२ मध्ये आईवडिलांनी पदरमोड करून पुस्तक छापलं आणि हा मध्ययुगीन पोशाख चढवून शाळाशाळांतून, ग्रंथालयांतून ते विकत फिरला. कार्ल हायासन या कादंबरीकाराच्या सावत्र मुलाच्या हाती एक प्रत पडली, त्याला ती आवडली, हायासननं नॉफ या प्रकाशनसंस्थेच्या कानावर घातलं आणि २००३ मध्ये पुस्तक नव्यानं बाजारात आलं. ही हकिगत आतेभावानं आईला सांगितली ते काही बरं केलं नाही. सुट्टीत मी लोळत पडले की आई म्हणायची, "तो मुलगा बघ, तुझ्यापेक्षा वर्षभरानं मोठा असेल तेव्हा!"

आज 'एरॅगॉन' उघडलं की सांधे दिसतात. मामाच्या शेतावर वाढलेला पोरका मुलगा, भूतकाळ लपवणारा म्हातारा गुरू, कैदेतली राजकन्या, दुष्ट सम्राट. सांगाडा 'स्टार वॉर्स'चा, त्यावर एल्फ आणि बुटके टॉल्कीनकडून आलेले. टीकाकार हे तेव्हाच म्हणाले होते आणि त्यात काही खोटं नव्हतं. पण आम्ही 'स्टार वॉर्स' पाहिलेला नव्हता, टॉल्कीनचं नाव ऐकलेलं नव्हतं. आमच्यासाठी पाओलिनीच पहिला.

बाकीच्यांना सफिरा आवडायची, ती निळी, शहाणी, थोडी मानी ड्रॅगन. मला आवडला मर्टाग. तो पहिल्या भागात निम्मं पुस्तक संपल्यावर येतो, कुठून आला ते सांगत नाही, आणि एका प्रसंगात जमिनीवर पडलेल्या, हातात शस्त्र नसलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्याचं मुंडकं उडवतो. नायक एरॅगॉन हादरतो. मर्टागचं म्हणणं सरळ: याला सोडला तर तो आपला माग काढत येईल. दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. एरॅगॉनचं म्हणणं मूल्यशिक्षणाच्या तासाला शोभणारं होतं. मर्टागचं म्हणणं जग पाहिलेल्या माणसाचं होतं. त्याचा बाप सम्राटाचा उजवा हात, आणि त्या बापानंच दारूच्या नशेत तलवार फेकून मारली होती, तिचा व्रण पोराच्या पाठीवर. असा मुलगा वाळवंटातून पळताना कुणाला माफ करत बसेल?

२००५ च्या 'एल्डेस्ट' या दुसऱ्या भागाच्या शेवटी युद्धभूमीवर लाल ड्रॅगनवर बसून शत्रूच्या बाजूनं लढायला येतो तो मर्टागच. एरॅगॉनला हरवतो, त्याची तलवार काढून घेतो आणि आपण भाऊ आहोत हे सांगून निघून जातो. ज्या घरात 'मृत्युंजय'चं पुस्तक कपाटात असतं तिथल्या मुलीला इथे कर्ण आठवणार नाही तर काय! आई एक, थोरला चुकीच्या छावणीत. मी आतेभावाला अंतर्देशीय पत्र लिहून हे कळवलं, फोन असताना, कारण फोनवर घरातले सगळे ऐकत. मोठी झाल्यावर मात्र फरक लक्षात आला. कर्णाला दुर्योधनाकडे कुणी बांधून नेलं नव्हतं. तो कृतज्ञतेपोटी राहिला आणि सगळं समजून उमजून राहिला. मर्टागकडून सम्राट गॅल्बाटोरिक्सनं छळ करून शपथा वदवून घेतल्या आहेत, त्या मोडताच येत नाहीत. माणूस आतून बदलला तर त्याचं खरं नाव बदलतं आणि शपथ गळून पडते, एवढीच काय ती फट. कर्णाला दार उघडं होतं आणि तो गेला नाही. मर्टागला दारच नव्हतं. मला वाटतं, याला कर्ण म्हणणं हा दोघांवरही अन्याय आहे.

२००६ च्या डिसेंबरमध्ये सिनेमा आला, त्यावर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. बुटके गायब, जेरेमी आयर्न्ससारखा नट फुकट गेलेला. पण एक गोष्ट अजून खुपते. पुस्तकात सफिरा रानात लपून महिनोन् महिने वाढते, तिला ऊब हवी म्हणून पोरगा झाडावर खोपटं बांधतो. सिनेमात ती ढगात शिरते आणि लख्ख उजेडात पूर्ण वाढलेली बाहेर पडते. पुढच्या भागांत गॅल्बाटोरिक्स हेच करतो, मर्टागच्या लाल ड्रॅगनला, थॉर्नला, जादूनं झटपट वाढवतो, त्याचं बालपण खाऊन टाकतो. कथेतल्या खलनायकाचा गुन्हा दिग्दर्शकानं सोयीसाठी नायिकेवर केला.

तीन पुस्तकांची चार झाली. चौथं 'इनहेरिटन्स' २०११ च्या नोव्हेंबरमध्ये आलं तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, समोर सबमिशन. युद्ध संपतं आणि एरॅगॉन ड्रॅगनांची अंडी घेऊन जहाजातून कायमचा निघून जातो. मामेभाऊ काठावर राहतो. हॉस्टेलवरच्या मुलींना तो शेवट आवडला नाही, त्या राजकन्येशी, आर्याशी, लग्न तरी लावायचं म्हणाल्या. मला तो पटला. निरोप असाच असतो, त्यात नंतर सुधारणा करता येत नाहीत. तक्रार एकच होती. ज्या मर्टागमुळे सम्राट हरला, जो बंडखोरांची पुढारी असलेल्या नसुआडावरच्या प्रेमापायी खरोखर बदलला, त्याला लेखकानं घाईघाईनं उत्तरेकडे उडवून दिलं. कोर्टात सगळ्यांना न्याय मिळावा आणि मुख्य साक्षीदार मागच्या दारानं निघून जावा, तसं.

त्यामुळे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये 'मर्टाग' नावाचंच पुस्तक येणार म्हटल्यावर मला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. निरोप मागे घेतला तर? मधल्या काळात पाओलिनीनं अंतराळावरची कादंबरी लिहिली होती, तोही चाळिशीला आला होता. मी नोकरी करत होते. पुस्तक घेतलं, रात्री जेवण आटोपून वाचायला बसले.

लेखक सुधारलाय, हे पहिल्या काही पानांतच कळतं. वर्णनांचा सोस कमी झालाय. मर्टाग आणि थॉर्न लपूनछपून फिरतात, कारण लोकांच्या लेखी ते अजून देशद्रोहीच. बुटक्यांचा राजा यानंच मारला होता, ते कोण विसरेल? आणि थॉर्नला बंदिस्त जागेची भीती वाटते. एवढं मोठं आग ओकणारं जनावर, पण भिंती जवळ आल्या की त्याचा धीर सुटतो, गॅल्बाटोरिक्सच्या कैदेचं हे देणं. मर्टाग त्याला रागावत नाही, त्याच्या अंगाला टेकून थांबतो. मालिकेत आजवर ड्रॅगन माणसाला सांभाळत आले होते. इथे उलटं झालंय आणि ते अतिशय नेमकं लिहिलंय. तसाच उवेक हा उर्गल. पहिल्या पुस्तकात उर्गल म्हणजे नुसते शिंगवाले राक्षस होते. इथे त्यांच्यातला एक कैदेत मर्टागच्या जवळच्या कोठडीत आहे, आणि तिथे होणारी त्यांची मैत्री मला पुस्तकातली सगळ्यात प्रौढ गोष्ट वाटली.

पण ती कोठडी! नाल गॉरगॉथ गावातली जादूगारीण मर्टागला पकडते, काहीबाही पाजते, जमिनीतून निघणाऱ्या धुरानं त्याचं मन गुंगवते, त्याला आपला करायला बघते. म्हणजे पुन्हा तेच. ज्या माणसानं मोडता न येणारी शपथ स्वतः बदलून मोडली, त्याला बारा वर्षांनी भेटायला यावं आणि तो परत साखळदंडात दिसावा. तो छळ चांगला लिहिलाय, त्यामुळेच जास्त राग आला. मर्टागला यातना सोडून दुसरं काही देता येत नाही का? एखादं शांत, रिकामं, कंटाळवाणं प्रकरण? त्याआधी एका राक्षसी माशाच्या शिकारीचा लांबलचक भाग आहे, हे करून दे मग ते सांगते अशा चालीचा, तो मी पानं उलटत वाचला. शिवाय जमिनीखाली गॅल्बाटोरिक्सपेक्षाही जुनं, मोठं संकट झोपलेलं आहे, असं हे पुस्तक सुचवतं. मग आम्ही चार भाग कुणासाठी जीव टांगणीला लावला होता? शेवट सांगत नाही. पुढच्या भागासाठी दार उघडं ठेवलंय एवढंच.

हे सगळं मी तावातावानं आतेभावाला फोनवर ऐकवलं. तो आता मुलांच्या फिया भरतो, त्यानं पुस्तक घेतलेलंही नव्हतं. त्याच्या मुलीनं मात्र माझीच प्रत नेऊन वाचून काढली, आधीचा एकही भाग न वाचता. ती चौदा वर्षांची. तिला छळाचं प्रकरण सगळ्यात आवडलं, मासाही आवडला. म्हणाली, "आत्या, मस्त आहे. याला कुणीतरी धाकटा भाऊ आहे ना, सारखं नाव येतं त्याचं? त्याच्यावर पण एखादं पुस्तक काढायला पाहिजे."