कानांनी पाहायचं शहर : विजापूर

मुलांनो, शहर पाहायला काय लागतं? डोळे, असंच तुम्ही म्हणाल. पण कर्नाटकातल्या विजापूरला जाणार असाल, तर कानही तयार ठेवा बरं का! सोलापूरपासून हे शहर सुमारे शंभर किलोमीटरवर. २०१४ सालापासून त्याचं सरकारी नाव विजयपुरा झालंय, पण आपल्या तोंडी अजून विजापूरच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघी शिक्षिका मैत्रिणी तिथं जाऊन आलो. दिवस एक आणि यादीत ठिकाणं पंधरा! शेवटी यादीवर काट मारली. पूर्वेच्या गोल घुमटापासून निघायचं आणि संध्याकाळपर्यंत शहराचं पश्चिम टोक गाठायचं, असं ठरलं.

गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. तो १६५६ साली वारला. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आणि आत आधाराला एकही खांब नाही! मग चौकोनी भिंतींवर हा गोल टोप बसवला कसा? आमच्या चित्रकलेच्या बाईंनी वहीतच काढून दाखवलं. तुम्हीही काढा. एक चौरस काढा. त्यावर तेवढाच दुसरा चौरस तिरपा ठेवा. मधोमध अष्टकोन तयार होतो ना? त्यात वर्तुळ किती छान बसतं पाहा! तिथल्या कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी हेच साधलं.

कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे सात मजले चढून आम्ही घुमटाच्या आतल्या सज्जात आलो. पाय भरून आले होते. सकाळची वेळ, गर्दी नव्हती. मी भिंतीजवळ तोंड नेऊन अगदी हळू विचारलं, "डबा आणलायस ना?" पलीकडच्या टोकाला मैत्रीण भिंतीला कान लावून उभी होती. तिचं उत्तर माझ्या कानाशी आलं, "आणलाय, पण आत्ता मिळणार नाही!" गोल भिंतीच्या कडेकडेनं आवाज सरकत जातो, म्हणून कुजबुजही समोर पोचते. टाळी वाजवली, तर तिचा प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा ऐकू येतो.

इतक्यात एका शाळेची सहल वर आली. मग काय विचारता! कोणी शिट्ट्या मारतंय, कोणी स्वतःचं नाव ओरडतंय. शंभर आवाज एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट! एक लहानशी मुलगी भिंतीला कान लावून उभी होती. तिला काही म्हणता काही कळेना. ती रडवेली झाली. आम्हांला कन्नड येत नव्हतं. चित्रकलेच्या बाईंनी त्यांच्या गुरुजींकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. गुरुजींना लगेच उमगलं. त्यांनी मुलांना गप्प केलं आणि पलीकडच्या एका मुलाला खूण केली. त्यानं भिंतीशी काहीतरी पुटपुटलं मात्र, मुलीचे डोळे असे चमकले! मग एकेकाची पाळी लागली आणि रांगेतलं कोणीही ओरडलं नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या इमारतीची खरी गंमत त्या मुलांना मिळाली ती गप्प बसल्यामुळे.

तिथून शहराच्या मध्यभागी बारा कमानला गेलो. दुसऱ्या अली आदिलशहानं स्वतःसाठी बांधायला घेतलेली ही कबर. १६७२ साली तो वारला आणि इमारत अपुरीच राहिली. छप्पर नाही, घुमट नाही. काळ्या दगडांच्या उंच कमानी आभाळाखाली उभ्या आहेत. इथं प्रतिध्वनी नाही, फक्त वारा. डबा तिथल्याच बागेत झाडाखाली सोडला. शिवाय जवळच्या खानावळीतून गरम ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी आणली होती. भूक अशी लागली होती, की पाच मिनिटं कोणी बोललंच नाही!

दुपारी पश्चिमेच्या तटावर गेलो. एखादा वक्ता गरजू लागला, की आपण त्याला 'मुलूखमैदान तोफ' म्हणतो ना? ती खरी तोफ इथल्या बुरुजावर आहे! १५४९ साली ती आपल्या अहमदनगरला ओतली आणि १६३२ साली परंड्याच्या किल्ल्यावरून इथं आणली. वजन सुमारे ५५ टन! तोंड जबडा पसरलेल्या हिंस्र पशूचं, आणि त्याच्या दातांत चिरडला जाणारा हत्ती. आवाजानं कान फुटू नयेत म्हणून बत्ती देणारा गोलंदाज पाण्याच्या हौदात बुडी मारायचा, असं सांगतात. जवळच १५८४ साली बांधलेला उपली बुरूज आहे, सुमारे ८० फूट उंच. बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्यांनी वर गेलं, की सकाळचा गोल घुमट दूरवर दिसतो.

शेवटचा मुक्काम इब्राहिम रोजा. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये हौद. दगडी जाळ्यांमध्ये अक्षरं कोरलेली. इथं विसावलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा संगीताचा मोठा रसिक. 'किताब-ए-नौरस' हा गीतांचा ग्रंथ त्यानं दख्खनी भाषेत रचला. त्यात सरस्वती आणि गणपतीचीही स्तुती आहे. उन्हं कलली होती. मनोऱ्यांवर पोपटांचा कलकलाट चालला होता. आम्ही पायऱ्यांवर बसून तो ऐकला.

परतीच्या वाटेवर यादी पाहिली, तर दहा ठिकाणं राहिली होती. राहू देत! पुन्हा जायला कारण झालं. तुमची सहल विजापूरला गेली, तर सकाळी लवकर घुमटात जा, आधी एक मिनिट सगळे गप्प उभे राहा आणि मग समोरच्या मित्राच्या कानात हळूच एक गुपित सांगा. काय सांगितलंत, ते मात्र आम्हांला कळवू नका. गुपित ते गुपितच!